बोली तीच, मग हसू गेलं कुठं?



मकरंद अनासपुरे कोण? हा प्रश्न आपल्या कॉलेजात कुणालाही विचारून बघा. मेसच्या मावशींपासून थर्ड इयरच्या टॉपरपर्यंत सगळे एकच उत्तर देतील, "कॉमेडियन!" आणि लगेच चेहऱ्यावर हसू. काहीजण तर नाव ऐकताच त्याच्या आवाजात बोलायला सुरुवात करतील. नुसत्या नावावर माणसं हसावीत हे भाग्य फार थोड्या नटांना लाभतं. दादा कोंडकेंना लाभलं, लक्ष्मीकांत बेर्डेला लाभलं, अशोकमामांना लाभलं. आणि त्यांच्यानंतर आपल्या या बीडकडच्या गड्याला!

माझं म्हणणं मात्र थोडं वेगळं आहे. पटलं नाही तर भांडायला लेडीज हॉस्टेलच्या गेटवर या, रेक्टर मॅडमची परवानगी काढून! माझं म्हणणं असं की अनासपुरेला फक्त 'कॉमेडियन' म्हणून आपण त्याचं निम्मंच काम बघितलंय. आणि त्या नादात आपल्या स्वतःच्या बोलीबद्दलही एक चुकीचा निकाल लावून बसलोय.

आता तुम्ही म्हणाल, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली ही पोरगी, हिला काय कळतं बोलीतलं? बरोबर आहे. माझ्या शाळेत मराठीत बोललं की दंड भरावा लागायचा. घरी आई-बाबा जे मराठी बोलायचे ते पाहुण्यांपुढे ठेवायच्या कपबशीसारखं, धुऊन-पुसून ठेवलेलं. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत केज तालुक्यात आजीकडे गेलं की तिसरीच भाषा! "कामून गं इतकी वाळलीस?" "काय करायलीस तिकडं एकटी?" "हे मपलं, ते तुपलं." मला ती भाषा कळायची, पण बोलता यायची नाही. बोलायला गेले की मामेभावंडं हसायची, आणि तीच भाषा चुकून शाळेत तोंडातून निघाली की वर्ग हसायचा. म्हणजे हसणं दोन्हीकडे ठरलेलंच!

त्या काळात टीव्हीवर बातम्या देणारी बाई आजीसारखी बोलत नव्हती. सिरियलमधली सासूही नाही आणि सूनही नाही. जाहिरातीतली आई तर नाहीच नाही. आजीच्या जवळपास जाईल असं बोलणारा एकच माणूस त्या डब्यात दिसायचा, तो म्हणजे अनासपुरे. आजी त्याला "आपल्याकडचा हाय त्यो" म्हणायची आणि सिनेमाभर हसायची. आजीचं हसणं आणि माझ्या वर्गाचं हसणं यांत काहीतरी फरक आहे एवढं मला तेव्हाही जाणवायचं. तो फरक काय, ते शोधायला हा लेख.

आता थोडी उजळणी. (परीक्षेत येणार नाही, घाबरू नका.)

मूळ बीड जिल्ह्यातला, औरंगाबादेत म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात नाटकं करून मुंबईला गेलेला हा पोरगा. सुरुवातीला 'सरकारनामा' (१९९८), 'वास्तव' (१९९९) अशा सिनेमांत छोटी छोटी कामं मिळाली. २००४ साली 'सातच्या आत घरात' आणि 'सावरखेड एक गाव' आले. आणि २००५ मध्ये आला 'कायद्याचं बोला'. दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, तेही मूळ मराठवाड्याच्या रंगभूमीवरचे. इथून अनासपुरे घराघरांत पोचला. पुढे 'गाढवाचं लग्न' (२००७), 'साडे माडे तीन' (२००७), 'दे धक्का' (२००८), 'गल्लीत गोंधळ दिल्लीत मुजरा' (२००९), 'निशाणी डावा अंगठा' (२००९) आणि 'गोष्ट छोटी डोंगराएवढी' (२००९). २०११ मध्ये 'डँबिस' तर त्याने स्वतःच दिग्दर्शित केला. यादी अजून मोठी आहे, पण माझा मुद्दा या एवढ्या नावांत बसतो.

'कायद्याचं बोला'पासून सुरू करू. हा सिनेमा 'माय कझिन व्हिनी' या १९९२ च्या अमेरिकन सिनेमावर बेतलेला. त्यात न्यूयॉर्कचा एक बोलबच्चन वकील दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यातल्या एका छोट्या गावाच्या कोर्टात जाऊन उभा राहतो. आपल्या मराठी मंडळींनी काय केलं, तर दिशाच उलटी केली. इथे शहराच्या कोर्टात गावाकडचा वकील येतो. पोरांवर खुनाचा आळ आहे. विषय फाशीचा आहे, विनोदाचा नाही. वकिलाचा अवतार बघून, त्याचं बोलणं ऐकून सगळे हसतात. आपणही थिएटरात हसतो. आणि मग तो साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायला लागतो. एकेक प्रश्न साधा, जत्रेत विचारावा तसा, पण साक्षीदार बघता बघता उघडा पडतो. आता हसणं थांबलेलं नसतं, पण ते ज्याच्यावर होतं तो माणूस बदललेला असतो. सुरुवातीला वकिलावर हसत होतो, शेवटी त्याला हसणाऱ्यांवर हसतो. माझ्या मते हे विनोदी काम नाहीच. आपली अक्कल लोकांना दिसत नाही हे ज्याला पक्कं माहीत आहे, अशा माणसाचं ते गंभीर काम आहे. हसू येतं ते त्याच्या आजूबाजूच्या शहाण्यांमुळे.

मग 'दे धक्का'. हा सिनेमा 'लिटल मिस सनशाइन' (२००६) वरून घेतलेला, हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण आपल्यासारख्या इंजिनिअरिंगच्या पोरापोरींनी त्यातल्या बापाकडे नीट बघितलंय का? मकरंद जाधव. या माणसाने गाडीचा एक पार्ट शोधून काढलाय आणि त्यापायी घरातला पैसा घालवून बसलाय. डिग्री नाही, लॅब नाही, गाईड नाही. आपल्याला फायनल इयरचं प्रोजेक्ट करायला डिपार्टमेंट सगळं पुरवतं, तरी आपण पुण्यातून तयार मॉडेल विकत आणतो! आणि इथे हा बाप कर्जात बुडालेला, बायको चिडलेली, म्हातारा सासुरवाडीपेक्षा जड झालेला, आणि तरी मुलीला नाचाच्या स्पर्धेला मुंबईला न्यायचंच. गाडी बंद पडते, सगळं घर उतरून धक्का मारतं, आपण पोट धरधरून हसतो. पण जरा आवाज बंद करून तो सिनेमा बघा. एक कर्जबाजारी माणूस, ज्याच्यावर घरातल्या कुणाचाही विश्वास उरलेला नाही. ही कथा तंतोतंत रडायची आहे! अनासपुरे ती हसत हसत उचलतो, पण एकाही प्रसंगात तो स्वतः हसवतोय असं वाटत नाही. जाधव आपल्या पार्टबद्दल बोलतो तेव्हा डोळ्यात तीच चमक असते जी आपल्या मेकॅनिकलच्या वर्कशॉपमधल्या एखाद्या मामांच्या डोळ्यात लेथ चालू झाली की दिसते.

'निशाणी डावा अंगठा' रमेश इंगळे उत्रादकरांच्या कादंबरीवरून पुरुषोत्तम बेर्डेंनी केला. विषय प्रौढ साक्षरता मोहिमेचा. साक्षर करायची माणसं बाजूला, आणि कागदं मात्र जोरात साक्षर होतात! आपल्याकडे ज्याने एकदा तरी सबमिशनच्या आदल्या रात्री दहा प्रॅक्टिकलची रीडिंग्ज एका बैठकीत 'घेतली' आहेत त्याला हा सिनेमा वेगळा समजावून सांगायला नको. 'गल्लीत गोंधळ'मध्ये राजकारण तसंच. विनोद आहे, पण विनोदाच्या खाली जो गाळ आहे तो खरा आहे.

आणि आता 'गोष्ट छोटी डोंगराएवढी'. दिग्दर्शन नागेश भोसले यांचं. सोबत सयाजी शिंदे आणि निळू फुले. विषय शेतकऱ्याच्या आत्महत्येचा. हा सिनेमा आपल्या हॉस्टेलमध्ये किती जणांनी बघितलाय? मी आमच्या विंगमध्ये विचारलं. 'दे धक्का' सगळ्यांनी, काहींनी चार-पाच वेळा. 'गोष्ट छोटी...' दोघींनी. त्यातल्या एकीने अर्धा, कारण "यार, मकरंदचा म्हणून लावला, तर हा रडवायलाच लागला!"

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. "मकरंदचा म्हणून लावला." म्हणजे आपण सिनेमा लावायच्या आधीच त्याने काय करायचं ते ठरवून टाकलं होतं.

आता इथे मी तुम्हाला एक प्रॅक्टिकल करायला सांगणार आहे. फर्स्ट इयरला आपल्याला काय शिकवलं? एखाद्या परिणामाचं कारण शोधायचं असेल तर एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं कॉन्स्टंट ठेवायचं. चला, ठेवू. माणूस तोच, मकरंद अनासपुरे. आवाज तोच. हेल तोच. गावाकडची बोली तीच. बदललं काय? फक्त गोष्ट. 'दे धक्का'मध्ये याच आवाजावर थिएटर डोक्यावर घेतलं, आणि 'गोष्ट छोटी'मध्ये याच आवाजावर एकालाही हसू येत नाही. तर मग निष्कर्ष लिहा : हसू बोलीत नव्हतं! बोलीत असतं तर ते दोन्हीकडे यायला हवं होतं. कर्ज, बियाणं, पाऊस यांच्याबद्दल जेव्हा तोच माणूस त्याच भाषेत बोलतो, तेव्हा ती भाषा 'गावठी' वाटत नाही. ती नुसती खरी वाटते.

आजीच्या आणि माझ्या वर्गाच्या हसण्यातला फरक मला इथे सापडला. आजी गोष्टीला हसत होती. वर्ग बोलीला हसत होता. आजीचं हसू बरोबर होतं.

हे फक्त अनासपुरेचं दुखणं आहे का? मुळीच नाही. लक्ष्मीकांत बेर्डे आठवा. 'धुमधडाका' (१९८५), 'अशी ही बनवाबनवी' (१९८८), 'थरथराट' (१९८९)... अख्खा महाराष्ट्र त्याच्या टायमिंगवर फिदा. अशात १९९२ मध्ये डॉ. जब्बार पटेलांनी त्याला घेऊन 'एक होता विदूषक' केला. लिहिणारे कोण, तर साक्षात पु. ल. देशपांडे! गाणी ना. धों. महानोरांची. तमाशातल्या बाईचा मुलगा सोंगाड्या होतो, सिनेमाचा स्टार होतो, मग राजकारण्यांच्या उपयोगाला येतो, आणि लोकांना हसवता हसवता आपलं स्वतःचं हसू घालवून बसतो. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. पण जे लोक 'लक्ष्या'साठी रांगा लावायचे ते या विदूषकासाठी तशा रांगा लावायला आले नाहीत. दुसऱ्याच वर्षी, १९९३ मध्ये, 'झपाटलेला' आला आणि रांगा परत लागल्या. 'झपाटलेला' मला जीव की प्राण आहे, तात्या विंचू माझाही लाडका! पण लक्ष्मीकांत १६ डिसेंबर २००४ ला गेला तेव्हा अवघ्या ५० वर्षांचा होता, आणि त्याच्या नावावर 'एक होता विदूषक'च्या तोडीचा दुसरा सिनेमा सापडायला अवघड जातं. नटाकडे ताकद नव्हती म्हणून नव्हे. आपण मागितलंच नाही म्हणून.

अशोक सराफांचं नशीब थोडं बरं. 'आयत्या घरात घरोबा' (१९९१) मध्ये हसवता हसवता त्यांनी डोळ्यात पाणी आणलं, 'वजीर' (१९९४) मध्ये तर विनोदाला बाजूलाच ठेवलं. पुढे २०२३ चा महाराष्ट्र भूषण आणि २०२५ मध्ये पद्मश्री त्यांना मिळाली. पण त्यांच्याही बाबतीत 'वजीर' कितीजणांना आठवतो आणि 'धनंजय माने' कितीजणांना, हे सांगायची गरज नाही. तिकडे अमेरिकेत रॉबिन विल्यम्स हा माणूस आयुष्यभर हसवत राहिला, आणि ऑस्कर मिळालं ते 'गुड विल हंटिंग' (१९९७) मधल्या शांत, दुखावलेल्या सरांच्या भूमिकेला. म्हणजे ज्याला हसवता येतं त्याला दुःखाची जागा बरोबर माहीत असते, हे जगभर दिसतं. प्रश्न प्रेक्षक त्या जागेवर येऊन बसतो का, एवढाच.

आता दुसरी बाजूही ऐकायला हवी. आमच्या वर्गातल्या एका मित्राने या लेखाचा कच्चा मसुदा वाचून मला सरळ सांगितलं, "हे बघ, आठवडाभर लेक्चर, प्रॅक्टिकल, केटीचं टेन्शन. शनिवारी रात्री आम्ही सिनेमा लावतो तो हसायला. शेतकऱ्याची आत्महत्या बघायला सिनेमा कशाला पाहिजे? ते तर आम्ही गावी बघतोच." त्याचं गाव आष्टीकडे आहे. तो हे उगीच बोलत नाही. त्याचं बोलणं ऐकून मी दोन दिवस लेख बाजूला ठेवला होता.

त्याला माझं उत्तर असं. हसू नको असं मी म्हणतच नाही. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर घरंच्या घरं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, तिथे हसू ही चैन नाही, ती गरज आहे. पण "आम्ही गावी बघतोच" यातच माझा मुद्दा आहे. आपण ते बघतो, पण पडद्यावर आपली माणसं आपल्या भाषेत ते बोलतात तेव्हा आपल्याला पहिल्यांदा कळतं की ही गोष्ट सांगण्यालायक आहे, नुसती सोसण्यालायक नाही. आणि ती सांगायला बाहेरचा कुणी शुद्ध मराठीवाला लागत नाही. आपलाच माणूस, आपल्याच तोंडाने सांगू शकतो. शनिवारी 'दे धक्का' लावा. पण चारातला एक शनिवार दुसऱ्याला द्या ना!

एक गोष्ट अनासपुरेलाही सांगायला हवी, नाहीतर हा लेख नुसती आरती होईल. त्याचे काही सिनेमे असे आहेत की ज्यांत गोष्ट नाही, नुसता हेल आहे. 'कायद्याचं बोला' चालल्यावर निर्मात्यांना वाटलं की या माणसाला उभा केला आणि चार वाक्यं गावाकडची बोलायला लावली की तिकीट खपलं. त्याने त्यातली बरीच कामं केली. त्याचा परिणाम काय झाला? मराठवाड्याची बोली म्हणजे विनोदाचा तयार मसाला, पाकीट फोडा आणि टाका! मग तो मसाला सिनेमातून कॉमेडी शोमध्ये गेला, तिथून मोबाईलवरच्या रील्समध्ये गेला, आणि तिथून आपल्या गॅदरिंगच्या स्टेजवर आला. नट पोटासाठी काम करतो, त्याला दोष किती द्यायचा हा प्रश्न आहेच. पण ज्याच्या आवाजात इतकं सामर्थ्य आहे त्याने तो आवाज स्वस्तात द्यायला नको होता, असं एक चाहती म्हणून मला वाटतं.

आणि तरीही... सप्टेंबर २०१५ ची गोष्ट विसरून चालणार नाही. मराठवाड्यात दुष्काळ पडलेला. (पुढच्याच उन्हाळ्यात, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, इतका वाईट.) तेव्हा नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे या दोघांनी 'नाम फाउंडेशन' सुरू केलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरच्यांना मदत, पुढे ओढे-नाले खोल करणं, पाणी अडवणं अशी कामं. आपल्या जिल्ह्यातल्या बायाबापड्यांना त्यांनी स्वतः येऊन १५,००० रुपयांचे चेक दिले. त्या वेळी स्टेजवर उभा असलेला अनासपुरे बोलत होता ती बोली कोणती होती? तीच! 'साडे माडे तीन'वालीच! समोर बसलेल्या त्या बायांपैकी कुणाला हसू आलं असेल का? प्रॅक्टिकलचं दुसरं रीडिंग घ्या लिहून. निष्कर्ष तोच.

आता हे सगळं एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात कशाला, असं कुणी विचारेल. तर ऐका. आपल्याकडे कॅम्पस इंटरव्ह्यूची तयारी सुरू झाली की पोरं सगळ्यात आधी काय पुसतात? रिझ्युममधल्या स्पेलिंगच्या चुका नव्हे. स्वतःच्या जिभेवरचं गाव! मी डोळ्यांनी बघितलंय. मॉक जीडीमध्ये गेवराईचा एक मुलगा थर्मलचा मुद्दा इतका मुद्देसूद मांडत होता... म्हणजे ज्याला तो विषय हाताने कळलाय असा. इंग्रजी अडलं म्हणून तो दोन वाक्यं मराठीत बोलला. "मंग त्याच्यानं लॉस वाढायलेत ना सर," असं काहीतरी. आणि सगळा ग्रुप खो खो हसला. कुणीतरी मागून अनासपुरेची नक्कलही केली. तो पोरगा पुढचे वीस मिनिटं काही बोललाच नाही. त्याचा मुद्दा मात्र बरोबर होता! लॉस खरंच वाढत होते. पण तो मुद्दा कुणी ऐकलाच नाही, कारण आपल्या कानाला सवय लागलीये की या हेलात आलेलं वाक्य म्हणजे पंच लाईन.

हे 'कायद्याचं बोला'मधल्या कोर्टासारखंच नाही का? फरक एवढाच की सिनेमात वकिलाला शेवटपर्यंत बोलायची संधी मिळते. आपल्या जीडीत मिळाली नाही.

इंटरव्ह्यूला इंग्रजी लागतं, प्रमाण मराठीही लागतं, ते शिकायलाच हवं. मी कॉन्व्हेंटची, इंग्रजीच्या विरुद्ध बोलून मला कुठे जायचंय? पण नवीन कपडे घ्यायचे म्हणून अंगाची कातडी काढून ठेवायची नसते. आणि गंमत बघा, ज्या बोलीची आपल्याला लाज वाटते ती कुठली आहे? आपल्याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे. 'विवेकसिंधु' हा मराठीतला आद्यग्रंथ त्यांचा, परंपरेने तो ११८८ सालचा मानतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. जिच्या जुनेपणाचा दाखला आपल्या मातीतून जातो, तीच भाषा आपल्या मातीतल्या पोराच्या तोंडून आली की मात्र आपण हसायचं! हे गणित मला सुटत नाही. एम-थ्री सुटलं, हे नाही सुटत.

म्हणून शेवटी तीन मागण्या मांडते. मोठ्या नाहीत.

पहिली, गॅदरिंगच्या नाटक मंडळींना. गेल्या दोन वर्षांत मी बघितलेल्या प्रत्येक स्किटमध्ये गावाकडचं बोलणारा माणूस म्हणजे शिपाई, दारुडा नाहीतर येडपट. हिरो मात्र पुणेरी! यंदा एक तरी स्किट असं लिहा की ज्यात "काय करायलाव" म्हणणारा माणूस तिथला सगळ्यात हुशार माणूस आहे. विनोद भरपूर ठेवा, पण तो त्याच्या बोलण्यावर नको, त्याच्याकडून होऊ द्या. जमत नसेल तर 'कायद्याचं बोला' परत बघा, नोट्स काढा.

दुसरी, हॉस्टेलच्या सेक्रेटरीला. महिन्यातून एकदा कॉमन रूममध्ये सिनेमा लावतोच आपण. पुढच्या वेळी 'गोष्ट छोटी डोंगराएवढी' लावा, आणि त्याच्या पुढच्या वेळी 'एक होता विदूषक'. अर्ध्यातून उठून जायचं नाही, एवढीच अट. चहा-भजी मी आणि माझी रूममेट देऊ. (रूममेटला अजून सांगितलेलं नाही.)

आणि तिसरी, सर आणि मॅडम, तुम्हाला. ओरलला एखादा पोरगा इंग्रजीत अडखळला आणि मराठीत उत्तर द्यायला लागला, आणि ते मराठी वडवणी-धारूरकडचं निघालं, तर कृपा करून हसू नका. वर्गालाही हसू देऊ नका. उत्तर बरोबर आहे का तेवढंच बघा. मार्क उत्तराचे असतात.

अनासपुरेवर खूप हसा. तो हसण्यासारखंच काम करतो, आणि फार थोड्यांना ते जमतं. फक्त कशावर हसतोय ते एकदा तपासून बघा. आणि त्या गेवराईच्या मित्राला माझ्याकडून एक निरोप : लॉसचा तो मुद्दा पुढच्या जीडीत परत मांड. त्याच भाषेत मांड. यावेळी आम्ही ऐकायलोत.